तवसाळच्या बोटीवरचा डाव

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं, भास, संकेत असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी मी बाई नाही. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. आधी खेड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं, मग तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. माणसं या जगात येताना पाहिली, जाताना पाहिली. "सिस्टर, आत्ता इथे माझी आई येऊन बसली होती" असं सांगणारे पेशंट तर इतके पाहिले की मी शांतपणे त्यांची शुगर तपासायला घ्यायचे. ताप असतो, ऑक्सिजन कमी झालेला असतो, रक्तातलं मीठ उतरलेलं असतं... कारण असतंच, शोधलं की सापडतं. तुमच्या ह्या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू का, वाचता वाचता मनात निदान करत असते.

म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले. माझ्याच केसचं निदान मला करता येईना. शेवटी आमची मुलगी मुक्ता म्हणाली, आई, तू लिही तरी, कोणाला तरी असंच काही झालेलं असेल.

आम्ही गुहागरचे. ह्यांचं बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. 'हे' म्हणजे माझे यजमान, अनंत. आता दुकान नावापुरतंच, पण जुनी मशीनं वापरणाऱ्या बायका अजून ह्यांनाच शोधत येतात.

आमची एक सवय होती. होती काय, आहे. प्रवासाला निघालो की आम्ही वाघ-शेळी खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पटावर रेघा आखलेल्या असतात, रेघा जिथे मिळतात ती घरं. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे कळपभर शेळ्या. शेळ्या एकेक करून पटावर उतरवायच्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळ्यांनी वाघांना असं घेरायचं की त्यांना हलायला घरच उरू नये. तिन्ही वाघ कोंडले की डाव संपला.

ह्याची सुरुवात लग्नानंतर माहेराहून गुहागरला यायला निघालो त्या प्रवासात झाली. माझं माहेर देवरुखकडचं. एसटीत शेजारी शेजारी बसलो होतो, आणि एकमेकांशी काय बोलायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. आमच्या काळी लग्नाआधी भेटीगाठी कुठल्या! बऱ्याच वेळाने ह्यांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पट आखला. खिशात बटणं होतीच, काळी आणि पांढरी. मला विचारलं पण नाही, नुसती पांढरी बटणं माझ्याकडे सरकवली. मी लहानपणी आत्याकडे हा खेळ खेळलेली होते. नवऱ्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य "तुमचा वाघ चुकला" हे आहे. हे अजून ते लोकांना हसून सांगतात.

पुढे मी मांजरपाटाच्या कापडावर दोऱ्याने पट भरला. बटणांच्या जागी वाघ म्हणून सागरगोटे आले आणि शेळ्या म्हणून कवड्या. सगळं एका बटव्यात मावतं. एसटी, कोकण रेल्वे, मुक्ताच्या सासरी जाताना ट्रॅव्हल्सची बस, एकदा तर विमान — त्यात एक वाघ सीटखाली घरंगळला आणि एअर होस्टेसने गुडघ्यावर बसून शोधून दिला. भांडून निघालो असलो तरी पट उघडायचाच. अबोल्यात खेळताना ह्यांचे वाघ फार चिडके व्हायचे. आणि नियम एकच, डाव संपल्याशिवाय उठायचं नाही. ह्या नियमापायी एकदा साखरप्याला उतरायचं राहिलं आणि आंबा घाट चढून पार वर गेलो. हे नेहमी वाघ घेतात, मी शेळ्या. बहुतेक वेळा मीच जिंकते.

आता त्या दिवसाबद्दल.

थंडी सरत आली होती, आंब्याला मोहोर होता. ह्यांना रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जायचं होतं. एका जुन्या मशीनचा भाग बाजारात मिळेना, तो लेथवर करून घ्यायचा होता. एरवी मी गेलेच असते सोबत, पण त्या दिवशी आमच्याकडे डोळे तपासणीचं शिबिर होतं आणि रिटायर झाले तरी अशा वेळी मला बोलावतात. हे पहिल्या एसटीने एकटेच निघाले. निघताना मी बटवा पुढे केला तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच, एकटा कोणाशी खेळू. मी तो पर्समध्ये टाकला आणि शिबिराला गेले.

शिबिर ऐन रंगात असताना फोन आला. लेथवाल्याचा होता. हे त्याच्याकडे स्टुलावर बसले होते, अचानक घाम फुटला, डावा हात भरून आला म्हणाले आणि कलंडले. त्याने आपल्याच गाडीतून त्यांना रत्नागिरीतल्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. मग कोणा डॉक्टरने फोन घेतला. मी नर्स आहे म्हटल्यावर त्याने काही लपवलं नाही. मोठा अटॅक आहे, लगेच आत घेतोय, तुम्ही निघा.

दुसऱ्याच्या बाबतीत हे असं ऐकलं की पुढे काय काय होऊ शकतं ते मला सगळं माहीत असतं. आपल्या माणसाबाबत तेच माहीत असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आमच्या शेजारी नजीरभाई राहतात. बरीच वर्षं आखातात ट्रक चालवून आता गावी परत आलेत. मी शिबिरातूनच त्यांना फोन केला; घराच्या गेटपाशी पोचले तोवर त्यांनी गाडी बाहेर काढून ठेवली होती. त्यांच्या बायकोने, शमीमने, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि नुसता दंड दाबला. चिपळूणवरून वळसा पडेल, आपण तवसाळवरनं बोटीने पलीकडे जाऊ, असं नजीरभाई म्हणाले. पालशेत, अडूर, हेदवी... रस्ता मी डोळे उघडे ठेवून पाहत होते, पण आता आठवायला गेलं तर काही आठवत नाही. मुक्ताला फोन केला. ती पुण्याहून निघत होती. मग रेंज गेली.

तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत असेल. गाड्या खाली लागतात, माणसं जिन्याने वर बाकांवर बसतात. खाडी ओलांडायला कितीसा वेळ? आम्ही दोघं त्या बोटीने जायचो तेव्हा डाव मांडून होईतो जयगड यायचं, आणि मग नियम पाळायचा म्हणून जेटीवर उतरून कठड्यावर उरलेला डाव पुरा करायचो.

बोट उभीच होती. नजीरभाईंनी गाडी चढवली. मी गाडीत बसून राहू शकले नाही. वर गेले. वर फारसं कोणी नव्हतं. एक बाई होती, तिच्या मांडीवर झोपलेलं मूल होतं, आणि पार पुढे कठड्याला टेकून दोघं-तिघं उभे होते. मी मागच्या बाजूला एका लांब बाकावर बसले. बोट सुटली.

दुपार झाली होती, पण खाडीवर पांढुरकं मळभ होतं. धुकं म्हणावं तर तसंही नाही. दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. पलीकडचा किनारा दिसत नव्हता. मागे वळून पाहिलं तर तवसाळही दिसत नव्हतं. रेंज आली का ते बघायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला फोनच्या आधी बटवा लागला.

मी पट का मांडला, ते मला सांगता येणार नाही. हातांना काहीतरी हवं होतं, इतकंच आठवतं. बाकावर शेजारी कापड पसरलं, तिन्ही सागरगोटे त्यांच्या घरांत ठेवले आणि एक कवडी उतरवली.

पलीकडून हात आला आणि वाघ सरकवला.

मी वर पाहिलं. हे बसले होते. बाकावर एक पाय वर घेऊन, नेहमी बसतात तसे, सकाळचाच सदरा. मी दचकले नाही. ह्याचं मला आजही नवल वाटतं. स्वप्नात कसं होतं, मेलेलं माणूस जेवायला वाढत असतं आणि आपण मीठ मागतो, तसं झालं. हे समोर आहेत म्हणजे आहेत. उलट छातीवरचा दगड कोणी उचलून ठेवावा तसं हलकं वाटलं. मी दुसरी शेळी उतरवली.

इंजिनचा धडधडाट होत होता तो कधी थांबला ते कळलं नाही. कुठेतरी लांब पाणी चुबुक चुबुक करत होतं. आम्ही खेळत होतो. ह्यांनी माझ्या दोन शेळ्या खाल्ल्या, सवयीप्रमाणे आपल्या गुडघ्यापाशी ठेवल्या. मी एक वाघ कोंडला, मग दुसरा. वेळ जात होता आणि जातही नव्हता. मला वाटतं मी खूप दिवसांत इतकी सुखी नव्हते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण तसंच होतं.

मग तिसऱ्या वाघाला एकच वाट मोकळी उरली. कडेचं एक घर. माझ्या हातात शेवटची शेळी होती. ती त्या घरात ठेवली की डाव संपला.

मी हात पुढे नेला आणि थांबले.

"ठेव ना," हे म्हणाले.

मी म्हटलं, थांबा हो, विचार करू द्या. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. पोरालाही दिसली असती अशी चाल होती. पण हात खाली जाईना. कारण काही मनात आलं नव्हतं, कसली भीतीही नव्हती. फक्त इतकंच वाटत होतं की डाव संपला की हे उठणार, आणि मला ते उठायला नको होते.

"किती विचार करशील? पलीकडे आलं बघ," ते म्हणाले. मी पाहिलं. पलीकडे काही नव्हतं, तोच पांढरा उजेड.

"शालन," ते म्हणाले, "ठेव आता. संपव."

इतक्या संसारात ह्यांनी मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. 'अगो', 'ऐकलंस का' ह्यावर सगळं आयुष्य गेलं. नाव ऐकून मला इतकं गोड वाटलं की मी जवळजवळ ठेवलीच होती ती शेळी. पण मी मूठ मिटली. कवडी आत धरून घट्ट मिटली आणि ती मूठ पदराखाली घेतली, लहान मुलं खाऊ लपवतात तशी. आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्या मुठीकडे बघत राहिले. रागाने नाही. फार थकलेल्या माणसासारखे.

मग बोट जेटीला लागल्याचा धक्का बसला, भोंगा वाजला, आणि नजीरभाई माझ्या बाजूला उभे राहून म्हणत होते, "वैनी, जयगड आला. उतरायचंय."

समोर कोणी नव्हतं. धक्क्याने पटावरचे वाघ आणि शेळ्या विखुरल्या होत्या. मी ते गोळा केले. माझ्या तळहातावर कवडीच्या दातांचा ठसा उमटला होता. बाहेर लख्ख ऊन होतं, डोळे दिपवणारं.

आम्ही निवळीमार्गे रत्नागिरीकडे निघालो. वाटेत मी नजीरभाईंना म्हटलं, मळभ लवकर गेलं. ते म्हणाले, कसलं मळभ वैनी?

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा अँजिओप्लास्टी झालेली होती. डॉक्टर तरुण होते, दमलेले दिसत होते. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की टेबलावर घेतल्यावर हृदय थांबलं होतं. शॉक द्यावे लागले. परत चालू झालं, परत थांबलं. मग आलं. कधी, असं मी विचारलं, नर्सच्या सवयीने. त्यांनी अंदाजाने सांगितली ती वेळ आम्ही बोटीवर असतानाची होती. मी मान डोलावली आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत मला आत सोडलं. हे शुद्धीवर होते पण ग्लानीत. तोंड सुकलेलं. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला. बराच वेळ माझ्याकडे बघत होते, ओळखलंय की नाही कळेना. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अगो... ठेवलीस का?"

मी विचारलं, काय?

"शेळी."

मी म्हटलं, नाही. त्यांनी डोळे मिटले आणि झोपले. चांगली, खोल झोप.

मी तेव्हा काय केलं सांगू? मी निदान केलं. आयसीयूत पेशंट बडबडतात. ह्यांच्या डोक्यात जन्मभर वाघ आणि शेळ्याच आहेत, दुसरं काय बोलणार? आणि मी? मी ताणाखाली होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मेंदू अशा वेळी माणसाला सावरायला काहीबाही उभं करतो. एकटीने दोन्ही बाजूंनी खेळले असेन. पटलं मला ते. कोणाला काही न सांगता मी ते गाठोडं बांधून ठेवून दिलं.

ते सुटलं मुक्तामुळे. हे घरी आले, हळूहळू अंगणात फिरायला लागले. मुक्ता रजा काढून राहिली होती. एका दुपारी हे झोपलेले असताना ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, आई, विचारू की नको असं किती दिवस चाललंय माझं. नजीरभाईंनी त्या दिवशी बोटीवर माझा एक फोटो काढला होता आणि रेंज आल्यावर तिला पाठवला होता, आई ठीक आहे, काळजी करू नको, असं लिहून. तिने तो दाखवला आणि माझ्याही फोनवर पाठवला.

मी बाकावर बसलेली. शेजारी पट. मूठ मिटलेली, अर्धी पदराखाली. बाकाची दुसरी बाजू रिकामी, तिथे नुसत्या दोन कवड्या. मागे स्वच्छ ऊन, निळं पाणी, आणि जयगडचा किनारा इतका स्पष्ट की झाडं मोजावीत. आणि मी समोर बघून हसत होते.

मुक्ता म्हणाली, बाबा तिकडे टेबलावर होते आणि तू अशी हसत होतीस. मला फार राग आला होता तुझा. मग परत परत बघितला तर राग गेला. तुझ्या चेहऱ्यावर असं हसू मी फक्त बाबांशी खेळताना पाहिलंय.

मी तिला सगळं सांगितलं. ती रडली थोडी. नजीरभाईंना विचारलं तेव्हा ते आधी टाळाटाळ करत होते. मग म्हणाले, मी वर दोनदा आलो होतो. तुम्ही एकट्याच खेळत होतात, आणि कोणाला तरी म्हणालात, थांबा हो, विचार करू द्या. मला वाटलं वैनींना धक्का बसलाय, चित्त रमतंय तर रमू दे. म्हणून बोललो नाही.

इथपर्यंतही माझं निदान चाललं असतं. एकटीच खेळले, हे तर सिद्धच झालं ना?

मुक्ता पुण्याला परत गेल्यावर एका संध्याकाळी हे मला म्हणाले, पट आण. मी म्हटलं, घरात? प्रवासाशिवाय आम्ही कधी खेळलो नाही. ते म्हणाले, खेळायचं नाहीये, दाखवायचंय.

फोटोचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, मुक्ताने नाही, नजीरभाईंनी नाही. त्यांच्या हृदयाला आत्ताच हे कशाला, असं आम्ही ठरवलं होतं.

ओटीवर बसून त्यांनी कापड पसरलं. त्यांनी एकेक कवडी लावायला सुरुवात केली, न अडखळता, देवापुढे रोजची फुलं मांडावीत तशी. दोन वाघ शेळ्यांमध्ये कोंडलेले. तिसऱ्याला एक वाट, कडेचं घर मोकळं. दोन कवड्या त्यांनी आपल्या गुडघ्यापाशी ठेवल्या. एक उरली. ती त्यांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली.

"ही तुझ्या मुठीत होती," ते म्हणाले.

मी आत जाऊन फोन आणला. फोटो मोठा करून पाहिला. एकेक घर पाहिलं. तसंच होतं.

मग मी त्यांना बोटीचं सांगितलं. ते ऐकत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडत गेली. बोट? ते म्हणाले, बोट नव्हती. त्यांच्या आठवणीत ते एक रेल्वे स्टेशन होतं. लहानसं, सगळीकडे पांढरं, नावाची पाटी होती पण चष्मा नसल्याने वाचता आली नाही. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघं खेळत होतो. बाजूला एक गाडी उभी होती, दारं उघडी, आत कोणी नाही. मी मुठीत शेळी धरून बसले होते. आणि चाल त्यांची होती.

मी म्हटलं, चाल माझी होती. तुम्ही मला सारखं सांगत होतात, ठेव, संपव.

"मी?" ते म्हणाले. "अगो, मी वाघावर बोट दाबून बसलो होतो. हलवला असता तर तू ती शेळी ठेवून मला कोंडलं असतंस, डाव संपला असता, आणि मग त्या गाडीत चढायला लागलं असतं. मला चढायचं नव्हतं. तूच घाई करत होतीस. आटपा, खेळा आता, गाडी सुटेल... सारखी तेच. मला वाटलं, हिला झालंय तरी काय, ही कधी अशी घाई करत नाही."

अंगणात कोणाची तरी सायकल वाजली, शमीम कुंपणावरून काहीतरी द्यायला आली, मी उठून घेतलं, परत येऊन बसले. ह्यांनी पट गोळा केला नाही, मीही केला नाही. रात्री जेवायला बसायच्या आधी ह्यांनी त्याची अलगद घडी घातली.

ह्यांची तब्येत आता चांगली आहे. औषधं चालू आहेत, दुकान सकाळचं थोडा वेळ उघडतात. गेल्या महिन्यात चेकअपला रत्नागिरीला जाताना आम्ही मुद्दाम तवसाळवरून गेलो. त्याच बोटीने, वर, मागच्या बाकावर. ऊन होतं. मी बटवा काढला, नवा डाव मांडला. अगदी साधा डाव झाला. ह्यांनी एक मूर्खपणाची उडी मारली आणि हरले, आणि जेटीवर उतरल्यावर माझ्यासाठी चहा घेऊन आले. तो अर्धवट राहिलेला डाव मात्र आम्ही परत कधी लावला नाही, आणि लावायचाही नाही, असं न बोलताच ठरलंय.

ह्यांच्या हृदयाचं कारण मला माहीत आहे, रिपोर्ट आहेत. माझ्या भासाचंही काही तरी कारण देता येईल. ह्यांच्या मेंदूला तेव्हा रक्त कमी पडत होतं, ते स्टेशन तिथून आलं असेल, हेही मान्य. पण दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांपासून लांब, दोघांच्या डोक्यात एकच डाव कवडीन्‌कवडी सारखा कसा मांडला गेला, ते मला सांगता येत नाही. कोणाला सांगता आलं तर जरूर कळवा. मी डॉक्टर मंडळींनाही विचारून बघितलंय, ते हसतात आणि बीपी तपासतात, मी तपासायचे तसंच.

आणि ते एक वेळ बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरतेच. मी मूठ मिटून बसले होते. हे वाघावर बोट ठेवून बसले होते. दोघांनीही आपापल्या परीने डाव अडवून धरला होता, तो संपावा असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. मग माझ्यासमोर ह्यांच्या आवाजात, आणि ह्यांच्यासमोर माझ्या आवाजात, इतकी घाई कोणाला झाली होती?